धरणाची ओटी

माणसं चांगलं चार भिंतींचं घर सोडून, पेट्रोल जाळून, दगडांवर झोपायला जातात, आणि तेही हौसेनं, हे मला वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी कळलं. तोवर माझा समज असा होता की उघड्यावर झोपायची वेळ येते ती एकतर घराचं छप्पर शाकारायला काढलं असेल तेव्हा, नाहीतर शेवटची एसटी चुकली तर.

आज मी सत्तरी ओलांडली आहे. त्यामुळे एकोणसाठची ती बाई मला अगदीच पोर वाटते. पोर, आणि तीही आगाऊ. कऱ्हाडच्या एका प्राथमिक शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होऊन तिला जेमतेम एक वर्ष झालं होतं, आणि मुलाकडे दुबईत अल मनखूलला येऊन तीन महिने. तेवढ्या तीन महिन्यांत तिचे इमारतीच्या वॉचमनला पाणी वाचवण्यावर, खालच्या केरळी दुकानदाराला नारळ पारखण्यावर आणि स्वतःच्या सुनेला सगळ्यावरच चार शब्द सांगून झाले होते. शाळा सुटली होती, पण बाईंची शाळा सुटली नव्हती.

मुलगा एका काँट्रॅक्टिंग कंपनीत होता. त्याच्या ऑफिसातले लोक हिवाळा आला की डोंगरात कॅम्पिंगला जायचे. एका गुरुवारी संध्याकाळी तो कुणाचा तरी तंबू मागून घेऊन आला. म्हणाला, "आई, उद्या डॅमवर जाऊ. एक रात्र राहायचं. शनिवारी सकाळी परत."

"कुणाच्या घरी?"

"कुणाच्या नाही. तंबूत."

सुनेला ते दोन्ही दिवस हॉस्पिटलात ड्यूटी होती. ती इतक्या आनंदानं आमचे डबे भरत होती की मला तेव्हाच समजायला हवं होतं. निघालो आम्ही तिघं: मुलगा, आठ वर्षांची नात आणि मी.

फुजैराच्या रस्त्याला लागलो आणि वाळू संपून डोंगर सुरू झाले. आमच्याकडच्या डोंगरांना उन्हाळ्यातसुद्धा काहीतरी असतं, वाळकं गवत, करवंदीची जाळी. हे डोंगर म्हणजे नुसती हाडं. तपकिरी, काळी, तुकडे तुकडे झालेली. त्यात वळणं घेत गाडी चढत राहिली, आणि एका वळणावर मुलानं काही न बोलता गाडी थांबवली. खाली पाणी होतं. एवढं मोठं आणि एवढं हिरवं पाणी, आणि काठाला गवताची काडी नाही. कुणीतरी कढईत ओतून ठेवावं तसं ते डोंगरांच्या मध्ये ठेवलेलं. मी कृष्णेच्या काठी वाढलेली बाई. पाणी म्हटलं की घाट हवा, देऊळ हवं, कपडे आपटणाऱ्या बायका हव्यात. हे एकटं पडलेलं पाणी बघून माझी वाचाच बसली.

"बोल काहीतरी," मुलगा म्हणाला.

"याला कुणी नाही का रे?" मी म्हटलं.

तो हसला. मला मात्र तेव्हाच उत्तर सापडलं होतं, आणि ते माझ्या पिशवीत होतं.

झालं होतं असं, की डॅम हा शब्द ऐकल्याबरोबर मी गुरुवारीच खाली दुकानात जाऊन नारळ आणला होता. चांगला शेंडीवाला, त्यासाठी त्या दुकानदाराला सगळी टोपली उपसायला लावली. माझ्या सासूबाईंची शिस्त होती, नवीन नदी, नवीन तळं पहिल्यांदा दिसलं की हात हलवत परत यायचं नाही. पाण्याची ओटी भरायची. पाणी म्हणजे बाई, आणि बाईला रिकाम्या ओटीनं सोडायचं नसतं. हिरवा, लाल काठाचा खण मी कऱ्हाडहूनच आणलेला होता. तांदूळ, सुपारी, हळकुंड सुनेच्या डब्यांतून घेतलं. हळदकुंकवाची डबी तर माझ्याजवळ असतेच.

काठावर पोचलो तर तिथे भली मोठी पाटी. अरबीत, इंग्रजीत, आणि माझ्यासारख्यांसाठी चित्रांत. मुलानं वाचून दाखवलं, "पोहायचं नाही, पाण्यात उतरायचं नाही, काहीही टाकायचं नाही. आई, ऐकतेयस ना? दंड करतात इथे."

"मी कशाला काय टाकतेय," मी म्हटलं, आणि पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

रात्रीबद्दल फार लिहीत नाही. वाळवंटात थंडी असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि कमरेखाली जो दगड होता तो तंबू मागून आणताना कुणी मोजला नव्हता. उजाडायला लागलं तेव्हा मी सुटकेचा निःश्वास टाकला, नातीला हळूच हलवलं आणि कानात सांगितलं, "चल, गंमत करू. बाबाला सांगायचं नाही. चॉकलेट देईन."

"हाउ मेनी?"

"दोन."

"थ्री."

साडीवर मुलाचं जॅकेट, पायात त्याचेच मोजे, अशा थाटात मुख्याध्यापिका बाई निघाल्या. काठानं बरंच पुढे गेल्यावर एक मोठा खडक लागला, त्याच्या आड तंबू दिसत नव्हते. तिथे मी नारळाभोवती खण गुंडाळून गाठ मारली, शेंडी वर राहील अशी. हळदकुंकू वाहिलं. हात जोडले. मनात म्हटलं, बाई, तुला माहेर नसलं तर कऱ्हाड समज. आणि ओटी पाण्यावर सोडली.

कृष्णेत सोडलेली ओटी जरा डुलते आणि प्रवाहाबरोबर शहाण्यासारखी निघून जाते. इथे प्रवाह नव्हता, वारा होता. खणात हवा शिरून त्याचा फुगा झाला, नारळ त्यातून डोकं वर काढून तरंगायला लागला, मागे कुंकवाची लाल रेघ, आणि हे सगळं लगबगीनं पाण्याच्या मध्याकडे निघालं. नात म्हणाली, "आजी, इट लुक्स फनी." मलाही जरा तसंच वाटलं होतं, पण देवाच्या कामात हसू नये म्हणून मी तिला दटावलं.

तेवढ्यात समोरच्या उतारावरून कुणीतरी ओरडलं.

एक म्हातारा माणूस, पांढरा लांब कंदूरा घातलेला, हातातली काठी फेकून उतारावरून धावत येत होता. धावत म्हणजे अक्षरशः घसरत. ओरडणं अरबीत. मला एकच अर्थ लागला: राखणदार. पाटी आठवली. दंड हजार दिरहम धरला तरी सतरा हजार रुपये, हा हिशेब मी खाली बसता बसता केला, कारण तोवर मी नातीला ओढून खडकामागे बसले होते.

म्हातारा काठाशी थांबला नाही. डोक्याचं फडकं काढून फेकलं आणि कपड्यांसकट पाण्यात शिरला. मी चाटच पडले. एका नारळासाठी? या देशात नियम कडक असतात हे ऐकून होते, पण इतके?

वाऱ्यानं ओटी तोवर खडकाच्या कपारीत नेली होती. त्याला ती दिसेना. तो मध्यापर्यंत गेला, गोल फिरला, पुन्हा ओरडला आणि बुडी मारली.

नात माझ्या कानाशी कुजबुजली. तिला शाळेत पहिलीपासून अरबी आहे. "आजी, ही इज सेइंग, द बॉय, द बॉय. व्हेअर इज द बॉय."

"कुठला बॉय?"

"इन द वॉटर." ती जरा थांबली. "आजी, ही थिंक्स नारळ इज अ बॉय."

एवढ्या साध्या वाक्याला माझ्या आत पोचायला किती वेळ लागला कोण जाणे. हिरवा सदरा. काळं डोकं. लाल पाणी. वरून, लांबून, अर्धवट उजेडात. म्हाताऱ्यानं काय पाहिलं होतं ते मला आता लख्ख दिसत होतं. तो वर आला, खोकला, श्वास घेतला आणि पुन्हा खाली गेला.

"टेल हिम," नात म्हणाली, आणि उठायला लागली.

आणि मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

इतका वेळ मी त्या बाईची चेष्टा करत आलेय, कारण तिची चेष्टा करणं सोपं आहे. इथे मात्र मला ती कळतच नाही. तीस वर्षं तिनं वर्गात उभं राहून विचारलं होतं, "कुणी केलं? ज्यानं केलं त्यानं हात वर करा," आणि ज्या पोरानं हात वर केला त्याला कधी छडी मारली नाही, याचा तिला केवढा अभिमान. आणि आता एक म्हातारा तिच्या नारळापायी गार पाण्यात बुड्या मारतोय, तर हिचा हात वर न जाता पोरीच्या तोंडावर. मी मनात म्हणत होते, येईल तो वर, थकेल, जाईल निघून. कुणाला कळणार आहे?

आरडाओरडा ऐकून दुसऱ्या तंबूतले दोन तरुण पठाण धावत आले आणि तेही पाण्यात उतरले. म्हातारा वर आला. या वेळी त्याला श्वास घ्यायला फार वेळ लागला. तोंड उघडं, ओठ काळेनिळे. पठाण त्याला हातानं थांबवत होते, तो त्यांचा हात झटकत होता. आणि तिसऱ्यांदा खाली गेला.

तेव्हा मला माझ्या मुलाचा आवाज ऐकू आला. तो तंबूतून बाहेर आला होता, पाण्यात मूल आहे एवढं त्याला समजलं होतं, त्यानं वळून तंबूत पाहिलं होतं आणि तंबूत मुलगी नव्हती. तो तिचं नाव घेऊन ओरडला. माझ्या पोटच्या पोराचा तसा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. तो बूट न काढता पाण्याकडे पळत सुटला. त्याला पोहता येत नाही.

आता मात्र मी उठले. खडकावर चढले, जॅकेटसकट, मोज्यांसकट, आणि आख्ख्या शाळेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बच्चा नहीं है! नारियल है, नारियल!"

सगळे थांबले. म्हातारा नुकताच वर आला होता. त्यानं डोळ्यांवरचं पाणी पुसलं आणि माझ्याकडे बघून हिंदीत विचारलं, अगदी सावकाश, "क्या है?"

"नारियल. मैंने डाला. पूजा का."

तरीही तो बाहेर येईना. म्हणाला, "बच्ची दिखाओ." मुलानं धावत येऊन नातीला उचलून उंच धरलं. म्हाताऱ्यानं बघितलं. "और कोई बच्चा?" नाही. पठाणांना विचारलं, तुमच्याबरोबर कुणी? नाही. तेव्हा कुठे तो पठाणांच्या खांद्यावर हात टाकून काठाला आला आणि दगडावर बसला. थरथरत होता. मुलानं घोंगडी आणली, चहा केला. मी जवळ जायला लागले तर मुलगा माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू राहू दे."

म्हाताऱ्याचं घर धरणाच्या खालच्या वाडीत होतं, खजुराची चार झाडं आणि शेळ्या. मुलगा त्याला गाडीतून सोडून आला. पठाणांनी तोवर माझी ओटी बाहेर काढून खडकावर ठेवली होती. वाहिलेली ओटी परत हातात आलेली मी जगातली पहिलीच असेन. घ्यावी की टाकावी कळेना. शेवटी पिशवीत घातली, पाटीच्या देखत.

परतीच्या वाटेवर मुलानं एकच प्रश्न विचारला. "तुला लगेच नाही का कळलं?"

"नाही रे," मी म्हटलं. "तो अरबीत ओरडत होता. मला वाटलं नारळासाठीच रागावलाय. तुझा आवाज आला तेव्हा लक्षात आलं."

तो म्हणाला, "ठीक आहे." मागच्या सीटवर नात खिडकीबाहेर बघत होती. तिनं काही म्हटलं नाही.

सोमवारपर्यंत काही म्हटलं नाही. सोमवारी शाळेतून आली, मी तिच्यापुढे कबूल केलेली तीन चॉकलेटं ठेवली, तर तिनं ती माझ्याकडे परत सरकवली. "आजी, आय टोल्ड यू द मीनिंग," ती म्हणाली. "देन यू वेटेड. यू टोल्ड बाबा यू डिडन्ट नो."

आठ वर्षांची पोर. आवाज चढवला नाही, रडली नाही. आमच्या शाळेत तपासणीला आलेल्या साहेबांनीसुद्धा मला असं पकडलं नव्हतं.

संध्याकाळी मुलगा ऑफिसातून आला, बूट काढत होता, तेवढ्यातच मी सांगून टाकलं. बसल्यावर, चहा घेतल्यावर, असं म्हणत राहिले असते तर सांगितलंच नसतं. त्यानं एक बूट काढलेला, एक तसाच. म्हणाला, "किती वेळ?"

"तो दोनदा खाली जाईपर्यंत," मी म्हटलं. मग म्हटलं, "तीनदा. पहिल्या वेळी मला माहीत नव्हतं. पुढच्या दोन वेळा माहीत होतं."

"आणि मी आलो नसतो तर?"

सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिनं गॅस बंद केला. मुलानं दुसरा बूट काढला. मग मुलगा म्हणाला, "हे मला नको सांगूस. त्यांना सांग. शुक्रवारी जाऊ."

ते चार दिवस मी घरात कुणालाही काही शिकवलं नाही. सुनेनं दोनदा विचारलं, बरं वाटतंय ना.

शुक्रवारी आम्ही तिघं गेलो, तर म्हातारा दारातच भेटला. खोकला झाला होता, पण उभा होता. तो उभा दिसेपर्यंत वाटेत माझं काय काय कल्पून झालं होतं ते लिहीत नाही. आत गालिच्यावर बसवलं. तो तरुणपणी बोटीवरून मुंबईला माल न्यायचा, म्हणून हिंदी येत होती. ख्यालीखुशाली झाली आणि मी सुरुवात केली. माझी हिंदी तशी भाषणाची. माफी मागायची हिंदी मी कधी वापरलीच नव्हती. कसंबसं सांगितलं, की मला कळलं होतं. कळूनही मी बसून राहिले.

"मालूम है," तो म्हणाला.

मी बघतच राहिले.

"साडी दिखता था. पत्थर के बाहर." त्यानं हातानं दाखवलं, पदर वाऱ्यावर कसा हलत होता ते. "दूसरी बार ऊपर आया, तब देखा. सोचा, औरत डर गई है. बच्चा इसी का है. इसलिए फिर गया."

दंड, नियम, नारळ, यांच्यासाठी मी मनात तयारी करून आले होते. याच्यासाठी नव्हती. मी लपले म्हणून तो तिसऱ्यांदा खाली गेला होता. माझा पदर बघून. मुलानं मान खाली घातली.

म्हातारा उठला, कोपऱ्यातली पितळी किटली घेऊन आला आणि उभ्या उभ्या आम्हाला कहवा, म्हणजे त्यांची कॉफी, ओतायला लागला. बिनदांड्याचे इवलेसे पेले, तळाशी घोटभर कहवा. कडू, वेलचीचा. मी प्यायले, त्यानं भरला. पुन्हा प्यायले, पुन्हा भरला. त्या घरात, त्या माणसाला, नको म्हणायची माझी काय हिंमत होती? माफीनंतर त्यानं दिलेलं काहीही मी प्यायले असते. चौथा पेला झाला, पाचवा झाला. जीभ लाकडासारखी झाली, छातीत धडधडायला लागलं. मुलगा गालिच्याची नक्षी बघत होता. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर सुरकुतीसुद्धा हलत नव्हती. तो सातवा ओतायला वाकला तेव्हा शेजारून नातीचा आवाज आला.

"आजी, शेक द कप."

"काय?"

"कप हलवायचा," ती म्हणाली, चक्क मराठीत. तिनं आपला रिकामा पेला बोटांत धरून डावीउजवीकडे हलवून दाखवला. "मग ते थांबतात. नाहीतर देतच राहतात."

मी पेला हलवला. म्हातारा लगेच थांबला, किटली खाली ठेवली आणि समोर बसला.

"तुला माहीत होतं?" मी तिला विचारलं.

"येस."

"पहिल्या कपापासून?"

"येस."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

तिनं माझ्याकडे बघितलं. "आय वेटेड," ती म्हणाली.

म्हाताऱ्यानं मुलाला विचारलं, बच्ची क्या बोली? मुलानं सांगितलं. त्यावर तो इतका हसला की त्याला खोकल्याची उबळ आली, आणि त्याला पाणी द्यायला या वेळी सगळ्यांत आधी मी उठले.